ळ चोर

शिंपीकाका गिऱ्हाइकाचं नाव कधी लिहून घेत नसत. कापडावरून हात फिरवला की माणूस आठवायचा. निळ्या चौकडीचं कापड डॉक्टरांचं, सुळसुळीत करडं त्यांच्या सासूबाईंचं. लोक म्हणत, काय स्मरणशक्ती आहे! खरं कारण फक्त बायकोला ठाऊक होतं. काकांना वाचता येत नव्हतं. शाळेत चार इयत्ता काढल्या होत्या, पण पुस्तक उघडलं की अक्षरं पंख्याखालच्या कापसासारखी भुरभुरायची. याला डोकंच नाही, असं मास्तर म्हणाले. काकांना ते पटलं आणि त्यांनी कात्री हातात धरली.

पुढे लेक तिसरीत गेली. एका आळसावलेल्या दुपारी ती टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात पुस्तक घेऊन बसली होती. ते मिटत म्हणाली, "बाबा, अक्षरं एका जागी बसतच नाहीत."

काकांच्या हातातला खडू कापडावरच थबकला. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, अक्षरं फक्त आपल्याशीच असं वागतात.

काकांची थोरली बहीण लहान मुलांना शिकवायची. काकांच्या निरोपावरून रविवारी ती आली, तर हातात साधी पेन्सिलसुद्धा नाही.

"पुस्तक काढू का, आत्या?" लेकीनं रडवेल्या तोंडानं विचारलं.

"पुस्तकाला झोपू दे. तू शर्टात घालायचे पुठ्ठे आण."

काकांनी पत्ते कापून दिले. आत्यानं काकांच्याच खडूंनी काहींवर अक्षरं काढली, काहींवर त्या अक्षरानं सुरू होणाऱ्या वस्तूंची चित्रं. लाल रंगात काना, मात्रा, वेलांट्या वेगळ्या. जोडी जुळली की पानं खाली टाकायची. ळ एकटा, कारण ळ नं सुरू होणारा शब्दच नाही. शेवटी ज्याच्या हातात ळ उरेल तो चोर. सुटका एकच: ळ पोटात घेणारा शब्द जुळवून दाखवायचा.

"अरे, तू पण बस."

"मला इस्त्री करायचीय, ताई."

"कपडे कुठं पळून जात नाहीत. बस!"

काका बसले. खिडकीतून ऊन तिरपं आत येत होतं आणि त्यात दोऱ्यांची कुसळं संथ तरंगत होती. कोणी घाई करत नव्हतं. लेक एकेक पान बोटानं चाचपायची, अक्षराच्या वळणावरून बोट फिरवायची, स्वतःशी पुटपुटायची आणि मध्येच खुदकन हसायची. काकांना वाटलं, अक्षरं सुटी केली की तीही कापडाच्या तुकड्यांसारखीच दिसतात. ही बाही, हा खिसा, ही कॉलर.

डाव संपत आला आणि ळ काकांकडे उरला.

"बाबा चोर! बाबा चोर!"

"थांब गं जरा." काकांनी डोळे बारीक केले. समोर पडलेल्या पानांतून एक उचललं, परत ठेवलं, दुसरं उचललं. ग. त्याच्या शेजारी ळ. मग लाल काना. दिवसातून कितीदा तरी टेप लावून हेच माप घ्यायचे ते.

"गळा," ते हळूच म्हणाले. आपलाच आवाज त्यांना दुरून आल्यासारखा वाटला.

बहिणीनं पत्ते पिसले आणि पुन्हा वाटले.

त्यानंतर रविवार म्हणजे पत्ते, हे ठरूनच गेलं. लेकीची वेलांटी अजूनही कधी पहिली तर कधी दुसरी पडे आणि काका जोडाक्षराला अडखळत, पण अडलं तरी आता कोणी पान फेकून उठत नसे.

हिवाळा सरताना बापलेक अस्तराचं कापड आणायला बसनं निघाले. खिडकीतून पाट्या सरकत होत्या. लेकीनं एक वाचली, काकांनी पुढची. "घड्याळ दुरुस्ती." "ताजी फळं." "थांबा, नाही, थांबू नये!" दोघं हसून हसून बेजार. कंडक्टरनं येऊन सांगितलं तेव्हा कळलं, बाजार केव्हाच मागे पडला होता.

"उतरायचं का, बाबा?"

"बस गं," काका बाहेर बघत म्हणाले, "पुढं काय लिहिलंय ते तरी बघू."