लांब भिंतीशी आलेले व्यासपीठ

आमचे स्नेही दत्ताजीराव यांनी परवा इथे पोस्टमध्ये लिहिले, की मी लंडनचे कॅथेड्रल पाहून आमच्या वाचनमंडळाच्या हॉलची बैठक फिरवली. लिहिले प्रेमाने, पण ते लंडन नव्हते, आणि कॅथेड्रलही नव्हते. ते स्कॉटलंडमधील एका खेड्याचे चर्च... आमच्या मंगळवार पेठेतल्या हॉलएवढेच.

लेकीकडे गेलो असताना तिच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी ते आम्हा उभयतांना दाखवले. जाड, ओबडधोबड दगडी भिंती. छपराच्या एका टोकाला एकच लहान घंटा. आत मात्र मी थबकलो... प्रवचनाचा उंच ओटा टोकाला नव्हता. तो लांब भिंतीच्या मधोमध होता आणि तिन्ही बाजूंची बाके त्याच्याकडे तोंड करून होती.

पूर्वी वेदी पूर्वेच्या टोकाला होती, असे ते गृहस्थ म्हणाले. धर्मसुधारणेनंतर प्रवचन ऐकणे महत्त्वाचे ठरले, तेव्हा गावाने जुन्याच भिंतींत बैठक फिरवली. वक्त्यापासून कोणी फार दूर पडू नये, हा हेतू.

मी ओट्याशी उभा राहून विचारले, "ऐकू येतंय का?"

"येतंय की. ओरडताय कशाला?" समोरच्या बाकावरून सौ. म्हणाली.

तिला अलीकडे कमी ऐकू येते. आमच्या लांबट हॉलमध्ये माइक घुमतो आणि पुढच्या मोजक्या खुर्च्या तिच्याहून थकलेल्यांना लागतात. म्हणून तिने गुरुवारच्या वाचनाला येणेच सोडले होते... आणि पुस्तक ऐकणे ही तिची आयुष्यभराची चैन.

परतल्यावर मी व्यासपीठ हलवण्याचा विषय काढला. "मास्तर, हाय ते काय वाईट हाय? वाचन हाय का बँडबाजा, मधी उभं ऱ्हायाला!" इति दत्ताजीराव. तरी व्यासपीठाचे टेबल लांब भिंतीच्या मधोमध नेताना एक टोक त्यांनीच उचलले.

गुरुवारी मंडळाच्या मुजावरसरांनी माइकविना एक विनोदी कथा वाचली. ऐन जागी पहिले हसू आले ते सौ.चे.

"वहिनी, आमच्या आधी हसलासा की!" दत्ताजीराव म्हणाले.

"तुम्ही पेंगत होतासा," ती म्हणाली. सारा हॉल हसला... मला मात्र चष्मा पुसावा लागला.

त्या अनोळखी गावाचे आभार कोणत्या पत्त्यावर पाठवावेत, ठाऊक नाही. म्हणून इथे मानतो.

आता दत्ताजीरावांच्या पोस्टमधील दिवस:
आम्ही परतलो दसऱ्यापूर्वी, दिवाळीत नव्हे.
व्यासपीठ हलवले बुधवारी, गुरुवारी नव्हे.
सौ. पुन्हा आली ती दुसऱ्याच दिवशी. 'पुढच्या महिन्यात' नव्हे.
आज पुन्हा गुरुवार. ती चप्पल घालून दारात उभी आहे, तेव्हा इथेच थांबतो.