रुखवतातल्या कुरडया

"गरम हाय तवाच खाय वं पोरी, कुरडई काय पळून चालली?" असं म्हणत शेजारच्या काकू उकळत्या चिकात खुशाल बोट बुडवायच्या आणि कुणी ओरडायच्या आत चाटून मोकळ्या व्हायच्या.

तुमच्याही गल्लीत अशी एक बाई असेल. हिंगणघाटच्या आमच्या गल्लीत उन्हाळा लागला, की जिच्या गच्चीवर वाळवण तिच्याकडे काकू. गहू भिजवून, वाटून काढलेला चीक शिजवताना एक गुठळी होऊ न देणारा हात त्यांचाच. पण नियम असा, की आधी सगळ्या कुरडया घालायच्या, उरलाच तर चीक खायचा. काकू पदराआडून वाटी काढायच्या. सोबत साखरेची पुडीसुद्धा!

"काकू, वर्षभराचं आहे ते!"

"वर्ष कोनं पाह्यलं? मी तं आजची दुपारबी नाई पाह्यली अजून."

मी अगदी उलटी. माझी मुलगी लहानपणी वाटी घेऊन गच्चीवर माझ्यामागे फिरायची. मी म्हणायची, "नंतर." बोर धरणावर जाऊ? नंतर. पुढे तिनं मागणंच सोडलं, तेव्हा मी म्हणायची, शहाणी झाली. ते तसं नव्हतं, हे मला कळायचं.

मग तिचं लग्न ठरलं. रुखवतासाठी पातेलंभर चीक शिजला आणि नेमका त्याच सकाळी काकूंचा मुलगा त्यांना कायमचं न्यायला नागपूरहून गाडी घेऊन आला. काकू चीक ढवळायचा लाकडी चाटू सोडेनात.

"कुरडया राहू दे आज. गल्लीले वाढ."

"अहो, रुखवताचं आहे!"

"रुखवतातली कुरडई कोनी खाल्ली काय आजवर? पाव्हण्या पाह्यतेत, मंग डब्यात मुंग्या जेवतेत. पोरगी चालली तुई, अन् तू मुंग्याईले वाढून राह्यली?"

मी मुलीकडे पाहिलं. माझं उत्तर ठाऊक असल्यासारखी ती मुकाट्यानं सोऱ्याला तेल लावत होती. मी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि वाटी दिली. तिनं आधी माझ्याकडे, मग वाटीकडे संशयानं पाहिलं.

रुखवताचा चीक गल्लीनं तासाभरात संपवला. खाली काकूंचा मुलगा हॉर्न वाजवत होता. काकू कठड्यावरून ओरडल्या, "गाडी थंडी झाली तं चालते रे, चीक नाई चालत!"

लग्नाला त्या आल्या नाहीत. गुडघे धरले होते. रुखवतात मी बाजारातल्या कुरडया मांडल्या. हे मुलीशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आज पहिल्यांदाच सांगते आहे.

विहीणबाईंनी एक उचलून उजेडात धरली. "घरचा हात लगेच कळतो बघा. बाजारात कुठली अशी कुरडई!"

माझ्या मुलीनं मान खाली घातली. तिचे खांदे गदागदा हलायला लागले. बायकांना वाटलं, माहेर सुटतं म्हणून रडते आहे. एकीनं धावत जाऊन तिला पाणीही आणून दिलं.