उजवीकडचं स्टिअरिंग

“मी दमलोय, माझे हात दमलेले नाहीत,” असं मामा येता-जाता म्हणायचे. गावी त्यांनी जन्मभर गाडी चालवली. परदेशात रहदारी उजव्या बाजूने, स्टिअरिंग डावीकडे. लायसन्स कसंबसं मिळालं, पण हात काही बसेना. म्हणून गोदामात खोकी उचलायचे.

मग त्यांना बाहेरून मागवलेल्या जुन्या गाड्यांचं आवार सापडलं. तिथल्या गाड्यांचं स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे! दर सुट्टीला मामा बोनेटवरून हात फिरवत रेंगाळायचे. मालक आपल्याच भाषेचा. एकदा मामी आणि मीही बरोबर होतो, तेव्हा तो म्हणाला, “मामा, नवरी बघितल्यासारखे काय बघताय? एक फेरी मारा. जमली तर उद्यापासून माझ्याकडे ड्रायव्हर.”

“मला बघताना इतके रंगले नव्हते हो,” मामी म्हणाली.

मामा बसले. गिअर अलगद पडला. फाटकाबाहेर पडताच गाडी गावाकडच्या सवयीने डाव्या बाजूने धावू लागली आणि समोरून ट्रक आला. करकचून ब्रेक लागले, म्हणून निभावलं.

मामांनी गाडी हळूच आत आणली आणि मालकाला किल्ली दिली. “दुसरा कुणी बघा,” म्हणाले आणि बसथांब्याकडे निघाले. मामी आणि मी फाटकाशी बघत राहिलो.