बंगल्याकडची भिंत

वर्षाराणी काही विसरणाऱ्यांतली नव्हे, आणि मला ती त्यासाठीच आवडते. माफ करून मोठी होणारी माणसं मला कधी पटली नाहीत.

आम्ही दोघी कोल्हापुरात एकाच प्रयोगशाळेत आवाजावर संशोधन करतो. थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकचे तक्ते छापायचे आणि त्यांच्या पोटात वारुळासारख्या वळणावळणाच्या वाटा ठेवायच्या. आवाज आत शिरतो आणि तिथंच दमून मरतो. कोणता आवाज अडवायचा, कोणता पलीकडे सोडायचा, हे त्या वाटांच्या आकारावर ठरतं. याला मेटामटेरियल म्हणतात. वर्षाराणी त्याला ‘माझं हत्यार’ म्हणते.

तिचे वडील जोतीराम उचगावातले इंजिन मेस्त्री. कान देऊन बिघाड ओळखायचे, त्यावरच घर चालायचं. अमरसिंह मिरवणुकांना डॉल्बी, म्हणजे ट्रकवर रचलेले दणदणीत स्पीकर, भाड्यानं द्यायचा. एका मिरवणुकीत त्याचा डॉल्बी त्यांच्या गॅरेजसमोर येऊन थांबला. जोतीराम हात जोडून म्हणाले, “कानात कळ याय लागलीया, जरा कमी करा.”

अमरसिंह हसला. “म्हातारं दमलंय रं, वाडीव आवाज!”

त्या संध्याकाळपासून जोतीरामांना ऐकू येत नाही. गॅरेज बंद पडलं. अमरसिंहाचं मात्र उत्तम चाललं. त्यानं मंगल कार्यालय बांधलं आणि त्याच्याच भिंतीला भिंत लावून स्वतःचा बंगला.

पुढं आसपासच्या लोकांनी तक्रारी केल्या, परवाना जायची वेळ आली, तेव्हा तो आमच्या प्रयोगशाळेच्या दारात आला. “म्याडम, आवाज भाईर जाता कामा न्हाय.” त्यानं वर्षाराणीला ओळखलं नाही. मिरवणुकीच्या दिवशी जोतीरामांकडंही कुठं धड पाहिलं होतं मेल्यानं!

तो गेल्यावर मी म्हटलं, “हाकलून दे त्याला.”

“हाकलू कशाला?” वर्षाराणी म्हणाली. “करतो की काम. मन लावून करतो.”

केलंही तसंच. आत बँड वाजतोय हे रस्त्यावर कळेना. पण बंगल्याकडच्या भिंतीवरचे तक्ते दिसायला तसेच, आतल्या वाटा वेगळ्या. त्यांतून बाकी काही नाही, फक्त छातीत बसणारा तो खालच्या पट्टीतला धुमधुम आवाज आरपार जायचा. अमरसिंहानं तपासणी रस्त्यावर उभं राहून केली. घरात जाऊन ऐकायचं त्याला सुचलंच नाही.

लगीनसराई सरता सरता तो परत आला, डोळे खोल गेलेले. “म्याडम, घरात बसवंना झालंय. येडा व्हायची पाळी आलीया. त्या भिंतीचं काय तरी बगा.”

“बगायचं काय? मीच तसं केलंय.” आणि तिनं वडिलांचं नाव सांगितलं, गॅरेज सांगितलं, मिरवणूक सांगितली.

त्याचा चेहरा उतरला. त्यानं हात जोडले. “चुकलं. माफ करा.”

“मला न्हाय, त्यास्नी सांगा. त्यास्नी ऐकू आलं की भिंत बदलतो.”

उचगावला मीही गेले. मजा बघायलाच गेले, खोटं कशाला बोलू? अमरसिंह जोतीरामांसमोर वाकून ओरडला, “काका, माफ करा!” पुन्हा ओरडला. मानेच्या शिरा फुगल्या, आवाज चिरकला, डोळ्यांत पाणी आलं. गल्ली गोळा झाली. जोतीराम गोंधळून एकदा त्याच्याकडं, एकदा लेकीकडं बघत राहिले. शेवटी त्यांनी त्याचा खांदा थोपटला.

“पावणं, मला ऐकू येत न्हाय. उगं घसा फोडू नगासा. बसा, च्या घ्या.”

अमरसिंहानं आशेनं वर्षाराणीकडं पाहिलं.

“ऐकू आलं न्हाय त्यास्नी,” ती म्हणाली. “उद्या परत या.”