मर्चंट आडनावाचं मूळ गाव

भाऊजी गेल्याचं ताईनेच फोन करून सांगितलं. "डॅनियल सकाळी गेला. तुला तो आवडत नव्हता, ठाऊक आहे मला. तरी ये," एवढंच म्हणाली. आता दीड महिना होत आला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायची रीत आहे... ती ज्यांना पाळायची असेल त्यांनी पुढे वाचू नये.

डॅनियल मर्चंट हे माझ्या थोरल्या बहिणीचे, रोहिणीताईचे यजमान. आम्ही नगरकडचे मराठी ख्रिस्ती, ते भुसावळच्या रेल्वेतल्या अँग्लो-इंडियन घरातले. लग्नानंतर बरीच वर्षं दोघं भाईंदर पूर्वेला भाड्याच्या जागेत राहिली. मूलबाळ झालं नाही. औषध कंपनीतली नोकरी, रविवारी चर्च, संध्याकाळी पत्ते. तोवर मला त्यांच्याविषयी काही तक्रार नव्हती. मग त्यांनी मीरा रोडला, पूनम सागरच्या बाजूला एक फ्लॅट पाहिला. बोलणी झाली, ताईने पडद्यांचं कापडसुद्धा घेतलं, आणि शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरींनी नाव विचारलं. मर्चंट. त्यात डॅनियलचं त्यांनी दानियाल केलं, आणि वर बायको मराठी! त्यांच्या डोळ्यांपुढे मुसलमान नवरा आणि हिंदू बायको उभी राहिली, हे सांगायला नको. आपण ख्रिस्ती आहोत हे भाऊजींनी परोपरीने सांगितलं, बाप्तिस्म्याचा दाखला दाखवला. सेक्रेटरी म्हणाले, "वो ठीक है, लेकिन ये मर्चंट किधर से आया?"

दुसऱ्या कुणी तिथेच चार शब्द सुनावून दुसरं घर शोधलं असतं. भाऊजींना तो प्रश्न रास्त वाटला. माझ्या मनातून ते उतरले ते तिथे.

पुढे वर्षभर त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. नोकरीवरून आले की कॉम्प्युटर. देशोदेशीच्या चर्चना ई-मेल, लंडनमध्ये शोधून काढलेल्या कुणा लांबच्या बहिणीशी फोन. एका मे महिन्यात ताईला घेऊन चेन्नईला गेले आणि जुन्या दफनभूमीत भर उन्हात थडग्यांवरची नावं वाचत हिंडले. ताईला चक्कर आली, ती चर्चच्या पायरीवर बसून राहिली. हे आपले पुढच्या रांगेत. शेवटी मूळ सापडलं म्हणे. फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांना ह्युगेनॉट म्हणत. यांचे पूर्वज तिथले कापडाचे व्यापारी, म्हणून मार्शां, त्याचंच पुढे मर्चंट झालं. राजाने हुकूम काढला, की आमच्या कॅथलिक पंथात या. हे आले नाहीत. सगळं सोडून बोटीतून लंडनला पळाले, तिथे हातमागावर कापड विणू लागले. त्यांचा एक नातू मद्रासला आला, त्याच्या वंशातला कुणी रेल्वेत लागून भुसावळला. सुरुवातीची माणसं लंडनच्या गल्ल्यांतून घर मागत कशी हिंडली, हे सांगताना भाऊजी डोळे पुसायचे. मद्रासच्या पूर्वजाने तिथल्याच एका बाईशी लग्न केलं होतं. ती कोण, कुठली, हे शोधावं असं मात्र यांना एक दिवसही वाटलं नाही. ती फ्रान्सची नव्हती ना.

ही सगळी वंशावळ रंगीत छापून ते सेक्रेटरींकडे घेऊन गेले. सेक्रेटरी खूश. फ्लॅट मिळाला, पुढे भाऊजी कमिटीवरही गेले. येईल त्याला सेक्रेटरी सांगायचे, "अपने मर्चंटसाहब ओरिजिनल फ्रान्स के हैं," आणि हे शेजारी उभे राहून लाजायचे.

काही वर्षांनी समोरचा फ्लॅट विकायला निघाला. एक जोडपं पाहून गेलं. तो बँकेत, ती शाळेत शिकवणारी. आडनाव मर्चंट. हे मर्चंट मुसलमान होते. कमिटीची बैठक बसली, आणि त्यांना जागा देऊ नये म्हणून जे हात वर झाले त्यांत भाऊजींचा होता. ताईने मला हे स्वयंपाकघरात, नळ सोडून ठेवून सांगितलं.

त्या दिवशी जेवताना मी भाऊजींना सरळ विचारलं, की तुमच्या माणसांना कुणी दारात उभं केलं नाही म्हणून तुम्ही रडता, मग यांचं काय?  भात कालवत ते हळू आवाजात म्हणाले, "मी हात वर केला नसता, तर सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं असतं. परत."

मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. धर्मासाठी घरदार सोडणाऱ्यांचा हा वंशज, आणि त्याला चार माणसांचं वळून पाहणं सोसवत नव्हतं. ताई त्यानंतर सोसायटीच्या कुठल्याही कार्यक्रमाला खाली उतरली नाही.

अंत्ययात्रेच्या दिवशी शववाहिनीच्या ड्रायव्हरने नाव ऐकलं आणि विचारलं, "मुस्लिम कब्रस्तान ना?"  सेक्रेटरीच पुढे धावले आणि ही फॅमिली मूळची फ्रान्सची, असं त्याला समजावू लागले. तो बिचारा ऐकून घेत होता. शेवटी मीच चर्चचं नाव सांगितलं.

परवा ताईकडे गेले होते. भाऊजींची कॉम्प्युटरची खोली तिने भाड्याने दिलीय, सबा नावाच्या एका नर्सला. सेक्रेटरी येऊन गेले म्हणे. मर्चंटसाहेबांना हे आवडलं नसतं, असं म्हणाले. ताईने त्यांना चहा दिला आणि विषय संपवला. खोलीच्या भिंतीवर भाऊजींनी छतापासून खालपर्यंत सगळ्या पिढ्या पेन्सिलने लिहून ठेवल्यात, त्या तिने पुसल्या नाहीत. मी तिथे असतानाच सबाने विचारलं, "आंटी, ये सब कौन लोग हैं?"

ताई चादरीची घडी घालत होती. म्हणाली, "मेरे ससुराल के लोग हैं. कहीं घर नहीं मिल रहा था, ढूँढते-ढूँढते यहाँ तक आये."