काकांची दक्षिणेकडची अक्षय्य तृतीया

मी सर्वांत जास्त ऋणी कुणाचा असेन, तर कूमाच्या काकांचा. आणि पंचांग हातात धरून ऑस्ट्रेलियातल्या थंडीशी भांडणारा असा दुसरा माणूस या अख्ख्या खंडात नसेल. तालुक्याच्या गावात शिकलेला, घरातला पहिला पदवीधर मी, कूमा नावाच्या या डोंगराळ गावात नोकरीला आलो तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. दुकानात मला आईशी फोनवर मराठीत बोलताना काकांनी ऐकलं आणि थेट घरी नेऊन मागची खोली दिली. दुसऱ्या दिवशी कुदळही दिली.

काका निवृत्त इंजिनिअर, मूळचे साताऱ्याकडचे. काकू गेल्यापासून एकटे. इथे हिवाळा संपला तरी दहिवर, म्हणजे रात्री गोठणारं दंव, संपत नाही, बागेला जेमतेम चार-पाच महिने मिळतात. त्यामुळे काका सबंध हिवाळा जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसत: लॉन कुठे, वाफे कुठे, कुंपणाच्या सावलीत दहिवर किती वेळ टिकतं. गावाकडच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी पहिल्या वर्षी अक्षय्य तृतीयेला आळी करून दुधीच्या बिया लावल्या होत्या. मे महिना, म्हणजे इथे हिवाळ्याचं दार. एकही बी वर आलं नाही. काकांनी दोष पंचांगाला दिला नाही, पृथ्वीला दिला. सहा महिने मोजले आणि जाहीर केलं, की आपल्या गोलार्धातली अक्षय्य तृतीया भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी असते. शिवाय पेरणीआधी ते अनवाणी वाफ्यात उभे राहून चहा घेत. कप संपेपर्यंत पाय बधिर झाले नाहीत, तर जमीन तयार. शेजारच्या बाई काळजीने विचारायला आल्या, तर त्यांनाही बूट काढायला लावून चहा दिला.

दूर शहरात, कॅसल हिलला राहणारी त्यांची मुलगी दर फोनला म्हणे, ‘बाबा, आता एकटं राहणं बस झालं. इकडे या.’ शेवटी काकांनी पैज लावली. ख्रिसमसला नातवंडं येतील तेव्हा लॉन हिरवं असेल, तर ते कूमातच राहतील. नसेल, तर मुकाट्याने तिच्याकडे जातील.

त्या वर्षी भाऊबीज लवकर आली. दुसऱ्या दिवशी अर्ध्या कपातच काकांचे पाय बधिर झाले. मी म्हटलं, ‘मुहूर्त जाईल.’ ते म्हणाले, ‘पंचांग पुण्याचं, पाय कूमाचे. पायांचं ऐकू.’ नोव्हेंबर सरताना आम्ही गवत पेरलं, आणि ख्रिसमसला नातवंडं खरोखरच हिरवळीवर लोळली. काकाही त्यांच्यात जाऊन बसले. जेवायला हाक आली तेव्हा मात्र त्यांना उठता येईना. मुलीने आणि मी धरून उभं केलं. कपडे झटकत ते तिला म्हणाले, ‘पैज मी जिंकलो. पण येतो मी तुझ्याकडे.’

घर माझ्या हवाली करून ते गेले. मागच्या आठवड्यात मी त्यांना पत्र पाठवलं.

‘तीर्थस्वरूप काकांस, सा. नमस्कार. हिवाळा सरतोय. लॉन कडेने थोडं विरळ आहे, पण जगलंय. पूर्वेचा वाफा खणून ठेवलाय. त्यात काय लावायचं ते मी ठरवलेलं नाही, कारण इथलं ठरवायचं कसं हे तुमच्याकडूनच शिकलो आणि एकट्याने ठरवायला अजून धीर होत नाही. दिवाळीला या. खुशाल हिरवळीवर बसा. उठवायला मी आहे.’