‘बंदीचे दिवस’ आणि माझा कान

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या नाजिमला तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल – किंवा नाही जमणार, मी मधेच स्पीकर आणि वायरींबद्दल बोलत सुटेन. तसं झालं तर समजून जा की मी पळतोय. मला तशी सवय आहे.

माझा साऊंडचा धंदा. गोडाऊन मिरजोळ्याला, टेंपो दोन, त्यातला एक बहुतेक वेळा गॅरेजात. लग्न, शिमग्याची पालखी, भजनाची डबलबारी, पुढाऱ्यांच्या सभा – सगळीकडे माझे स्पीकरचे खोके उभे असतात. आणि रत्नागिरीत ‘दिल्याचा कान’ म्हणून एक गोष्ट आहे. पखवाज जरासा उतरला तर मी मांडवाच्या मागे चहा पीत बसल्या बसल्या सांगतो. बुवा लोक माझ्याकडे बघून मग गायला बसतात. हे मी मिरवलं. का नाही मिरवणार? शिक्षण बेताचं, दिसायला हा असा, मग माणसाने मिरवायचं तरी काय?

नाजिम माझा शाळेपासूनचा मित्र. मिरकरवाड्याचा. त्याचे वडील जहाजावर होते, त्यांनी कुठल्याशा बंदरातून त्याला इलेक्ट्रिक गिटार आणून दिली, आणि तिथून हा पोरगा हातचा गेला तो गेलाच. पोटापाण्यासाठी तो मामाचा बर्फाचा कारखाना सांभाळतो. पण पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते, होड्या वर ओढलेल्या असतात, बर्फ घ्यायला कुत्रंही फिरकत नाही – तेव्हा त्या रिकाम्या कारखान्यात तो गिटार, दोन जुने कीबोर्ड आणि माझ्याकडून नेलेले माईक घेऊन बसतो. मशीन खराब होऊ नये म्हणून एक कॉम्प्रेसर मधून मधून चालू ठेवावा लागतो. त्याच्या सुरावर हा गिटार लावतो. खरंच सांगतो. बाकीचे तानपुऱ्यावर लावतात, हा कॉम्प्रेसरवर.

याला सायकेडेलिक रॉक म्हणतात, हे मला त्याचं वाजवणं ऐकायला येणाऱ्या पुण्याच्या पोरांनी सांगितलं. आणि याला अंडरग्राउंड म्हणतात, म्हणजे ते गाजत नाही पण ज्यांना माहीत असतं ते त्यासाठी जीव टाकतात. आम्ही मित्र त्याला चिडवायचो – अंडरग्राउंड कसला, तू तर पाण्याखाली आहेस! तो हसायचा. त्याला राग येत नाही, हा त्याचा मोठाच दोष आहे. राग आला असता तर माझं पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

त्याचा नवा अल्बम आला आहे. ‘बंदीचे दिवस’. मोबाईलवर ऐकता येतो, आणि पुण्याच्या त्याच पोरांनी मोठ्या काळ्या तबकड्याही काढल्यात. मला तुम्हाला त्याबद्दल सांगू द्या – हे पळणं नाही, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सुरुवातीला नुसता तो कॉम्प्रेसर. घूं घूं घूं. बराच वेळ. तुम्हाला वाटतं, हे काय, सुरू व्हायचंय की नाही? आणि मग लक्षात येतं की त्या घूं घूं मध्ये गिटार कधीचीच शिरलेली आहे, तुम्हालाच पत्ता नव्हता. आरे-वारेच्या रस्त्याला वळण संपतं आणि एकदम सगळा समुद्र खाली दिसतो ना, मागच्या सीटवरचं बडबडं पोरही गप्प होतं – तसं होतं. एकच सूर तो इतका ताणतो की आपण श्वास धरून बसतो. आणि तुटू देत नाही. त्याच्या हातात काय धीर आहे! मी आयुष्यभर आवाज मोठा करत आलो. या माणसाने आवाज वाढवला कुठेच नाही, नुसता वाढू दिला.

इतकं सुंदर काम आमच्या गावात, माझ्या माईकवर झालं, याचा मला अभिमान वाटतो. वाटतो, आणि लगेच लाज वाटते. कारण हा अल्बम नवा नाही.

हा अल्बम माझ्या खिशात होता. सहा-सात वर्षांपूर्वी.

त्या वर्षी बंदी उठायच्या सुमारास नाजिम गोडाऊनवर आला आणि माझ्या हातात एक पेनड्राईव्ह ठेवला. म्हणाला, पुरा झाला. अजून कुणाला दिला नाही, आधी तू ऐक. तू हो म्हणालास तर पुढे पाठवतो. एवढंच. कितीतरी पावसाळ्यांचं काम होतं ते. आणि त्याने ते एका टेंपोवाल्याच्या हो-नाहीवर ठेवलं. का? तर दिल्याचा कान.

मी ऐकणार होतो. गणपतीचे दिवस तोंडावर आलेले, ऑर्डरी होत्या, पण मी ऐकणारच होतो. हातखंब्याला एका कार्यक्रमाचं सामान टाकून परत येताना टेंपोत लावला. घूं घूं घूं. तुम्हाला आता माहीत आहे ते काय होतं. मला नव्हतं माहीत. मला वाटलं, अर्थिंग गेलं. आमच्या धंद्यात हा आवाज म्हणजे शाप – वायर कुठेतरी उघडी पडली की स्पीकर असाच कण्हतो. मी टेंपो बाजूला घेतला, टेप बाहेर ओढला, वायरी हलवून बघितल्या. आवाज जाईना. वैतागून बंद केला आणि ठरवलं की घरी ऐकू.

घरी ऐकला का? नाही. उद्या ऐकू म्हणालो. मग परवा. मग एक वेळ अशी आली की ऐकायची भीती वाटायला लागली – ही खरी गोष्ट, हिच्याभोवती मी मघापासून फिरतोय. समजा ऐकला आणि मला काहीच कळलं नाही तर? भजनातला पखवाज मला कळतो. पण नाजिमचं हे भोवऱ्यासारखं संगीत, ज्याला पुण्यातली पोरं मान डोलावतात, ते मला नाहीच कळलं तर दिल्याच्या कानाचं काय राहिलं? न ऐकता मी शहाणा होतो. ऐकल्यावर राहिलो असतो की नाही, कुणास ठाऊक.

विसर्जन आटोपल्यावर नाजिम आला. बसला. चहा घेतला, आणि बघत होता माझ्याकडे. आणि मी म्हणालो – चांगलं झालंय रे, पण तो आवाज काढ. गाण्याबिण्याची गरज नाही. नुसतं वाद्य ठेव.

मी हे का म्हणालो, सांगू? नाजिम गातो वाईट. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून वाईट गातो. मी मनाशी धरलं की कुठेतरी हा गायला असणार, आणि तो आवाज काढ म्हटलं की आपण ऐकलंय असं वाटेल, सल्लाही चुकायचा नाही. अंधारात मारलेला दगड. वर पुन्हा कपाळाला आठ्या घालून बोललो, मोठा जाणकार असल्यासारखा.

नाजिमचा चेहरा जरा पडला. मग म्हणाला, बरं. तुझा कान आहे.

त्याच आठवड्यात मी त्याच्या घरी जेवायला गेलो होतो. त्याच्या आईला आम्ही सगळे चाची म्हणायचो. माझी आई लवकर गेली, त्यामुळे माझी निम्मी जेवणं चाचीच्या हातची. तिच्या हातचं सांदण खाल्लं की मग कुणाचंच सांदण आवडत नाही. नाजिम हात धुवायला मागे गेला होता, तेवढ्यात तिने हळूच विचारलं, “काय रं दिल्या, आयकलास काय?”

“ऐकलं ना चाची. झक्कास झालंय.”

आणि ती लाजली. डोक्यावरचा पदर उगाच सारखा केला, माझ्या ताटात आणखी एक सांदण टाकलं आणि आत निघून गेली. मला नवल वाटलं. पोराच्या गिटारीचं कौतुक केलं तर आईने लाजायचं काय कारण? वाटलं आणि विसरलो. सांदण खाल्लं.

अल्बम काही आला नाही. मी एक-दोनदा विचारलं, तर नाजिम म्हणायचा, काढून बघितला आवाज, सगळं विस्कटलं, परत कधीतरी बसेन. मी म्हणायचो, घाई करू नकोस. बघा, वर हेही म्हणायचो! त्यात वर्षं गेली. चाची आजारी पडली, अंथरुणावरून उठलीच नाही. तिच्या चाळिसाव्याला मांडवात सतरंज्या मीच टाकल्या.

यंदा बंदीत नाजिमने बोलावलं. अल्बम आलाय, कारखान्यात सगळे मिळून ऐकू, तू खोके घेऊन ये. दुपारी मी माझे सगळ्यात चांगले स्पीकर लावले. पाऊस उघडला होता. मामा, नाजिमची बहीण, शेजारचे होडीवाले, पुण्याची दोन पोरं, सगळे बर्फाच्या रिकाम्या साच्यांवर बसले. घूं घूं सुरू झालं, आणि माझा हात सवयीने वायरीकडे गेला, आणि मग मला कळलं. त्याच कारखान्यात, तोच आवाज समोरच्या मशीनमधून आणि माझ्या स्पीकरमधून एकाच वेळी येत होता. हातखंब्याला मी वायरी हलवत होतो तेव्हा माझा मित्र बोलायला लागला होता.

आणि मग मधे कुठेतरी, गिटार खूप वर गेलेली असताना, चाची गायला लागली.

लग्नात हळदीला बायका म्हणतात तसलं गाणं. चिरका, दमलेला, अगदी घरातला आवाज. आणि सगळी वाद्यं तिच्याभोवती हळूहळू फिरतायत. सगळी रचनाच तिच्यावर उभी होती. हा तो आवाज, जो मी काढायला सांगितला होता. नाजिमची बहीण रडत होती, होडीवाले खाली बघत होते. गाणं संपलं, चाची जरा हसली – ते हसणंही त्याने ठेवलंय – आणि म्हणाली, “हा बोलतो, दिल्याला आवडला तरच खरा. काय रं मेल्या, आयकतोस ना?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. प्रेमाने. काय करणार होतो मी?

संपल्यावर नाजिम उभा राहिला. तो कधी बोलत नाही चार माणसांत, पण त्या दिवशी बोलला. म्हणाला, माझ्या आईने याचं नाव घेतलेलं याने ऐकलं, तरी मला म्हणाला, काढ. तिच्या आवाजाबरोबर त्यातलं आपलं नावही जाईल याची पर्वा नाही केली. आणि आईला मात्र म्हणाला झक्कास, तिचं मन नाही मोडलं. ती जाईपर्यंत सांगायची, दिल्याला माझा गाणा आवडला. कान असावा तर असा, आणि माणूस असावा तर असा. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “या वेळी तुझं ऐकलं नाही, दिल्या. आई गेल्यावर मला तो आवाज काढवेना. रागावू नकोस.”

तो माझी माफी मागत होता.

पुण्याच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. नाजिमने विचारलं, “आठवतंय ना तुला ते, आई बोलते ते?”

मी म्हणालो, “आठवतंय तर.”

झालं. हेच सांगायचं होतं. आधीच्या थापा भीतीने मारल्या म्हणाव्या, तर या थापेला काय म्हणायचं? मी ऐकलं असतं तर तो अल्बम तेव्हाच बाहेर गेला असता. चाचीने याच कारखान्यात, याच साच्यांवर बसून, माझ्याच स्पीकरवर स्वतःचं गाणं ऐकलं असतं आणि पदर सारखा केला असता. ते झालं नाही. ते माझ्यामुळे झालं नाही, दुसऱ्या कुणामुळे नाही.

तुम्ही अल्बम ऐका. खरंच ऐका, सुरुवातीला घूं घूं आलं तर बंद करू नका. आमच्या नाजिमने फार मोठं काम केलंय, आणि ते तो आणखी शंभर पावसाळे करत राहो. मी तो आता रोज ऐकतो. टेंपोत, गोडाऊनवर. चाचीने विचारल्यानंतर नाजिमने तिथे काहीच वाजवलेलं नाही, थोडा वेळ नुसता कॉम्प्रेसर चालू राहतो, जणू ती उत्तराला थांबली आहे. टेंपोत एकटा असलो की मी तिथे उत्तर देतो.

नाही चाची. नव्हतो ऐकत.